गोंदियाहून कोकणात

आमच्या गोंदिया जिल्ह्यातून नकाशावर सरळ रेघ ओढली, तर मुंबईच्या समुद्रापेक्षा विशाखापट्टणमचा समुद्र जवळ पडतो. आमचं पाणीही तिकडेच जातं. गाढवी, चुलबंद, बाघ या नद्या वैनगंगेला मिळतात, वैनगंगा पुढे प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत शिरते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. महाराष्ट्राला लांबलचक समुद्रकिनारा आहे हे आम्ही शाळेत पाठ केलं, पण अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या माणसासाठी तो राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आमच्या गावात पंढरपूर पाहिलेली माणसं आहेत, शिर्डीला जाऊन आलेली आहेत. कोकण पाहिलेलं कोणी नव्हतं.

मी निघालो तो मुलीसाठी. आम्ही ढिवर. नवेगाव बांधच्या आसपासच्या तलावांवर आणि बोड्यांवर, म्हणजे लहान तळ्यांवर, आमच्या पिढ्या जगल्या. तलाव बांधले कोहळी लोकांनी, मासे धरले आम्ही. नवेगावचा मोठा बांध कोलू पाटील कोहळ्यानं बांधला असं आमच्याकडे सांगतात. आता तलाव मच्छीमार सहकारी संस्थेच्या ठेक्यात असतो. मी संस्थेचे हिशेब लिहितो: मत्स्यबीज किती आणलं, बोटुकली किती सोडली, रोहू-कतला किती निघाला. लहानपणापासून ती वही पाहत वाढलेल्या माझ्या मुलीनं मत्स्यविज्ञानाची पदवी करायचं ठरवलं आणि तिला प्रवेश मिळाला तो रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं ते महाविद्यालय. तिला सोडायला तिचा मामा गेला होता, कारण तेव्हा रोवणी चालू होती. दिवाळीनंतर हलका धान कापून झाला आणि तिची आई म्हणाली, "अवो, पोरीले पाहून या एकदा. कशी रायते, का खाते, पाहून या."

मुलीनं फोनवर सांगितलं, "बाबा, वंदे भारतनं या. ठाण्याले सकाळी सहाच्या आत बसाल तर दहाच्या आत रत्नागिरी."

वंदे भारत मी गोंदियाच्या फलाटावरून पाहिली होती. डिसेंबर २०२२ मध्ये बिलासपूर-नागपूर गाडी सुरू झाली, ती गोंदियाला थांबते. आमची बल्लारशाकडची पॅसेंजर लागेपर्यंत आम्ही फलाटावर पिशव्यांवर बसलेले असतो आणि समोर ती पांढरी लांब नाकाची गाडी येते, दारं आपोआप उघडतात, आपोआप मिटतात, निघून जाते. तिच्यात बसायचं कधी मनात आलं नव्हतं. तशीच एक गाडी कोकणात जाते, ती मुंबईहून निघून मडगावला पोहोचते, हे मला मुलीकडून कळलं. २७ जून २०२३ ला ती सुरू झाली. मुंबई ते मडगाव या साऱ्या वाटेत ती दादर, ठाणे, पनवेल, खेड, रत्नागिरी, कणकवली आणि थिवी एवढ्याच ठिकाणी थांबते. पनवेल सोडल्यावर रत्नागिरीपर्यंत मधे एकटं खेड. माणगाव नाही, चिपळूण नाही, संगमेश्वर नाही.

इथून माझा गोंधळ सुरू झाला.

मी कागद घेऊन वेळा मांडायला बसलो. गोंदियाहून मुंबईला जायची आमची हक्काची गाडी म्हणजे विदर्भ एक्सप्रेस. ती दुपारी गोंदियाहूनच सुटते, त्यामुळे जागा मिळते, डबा शोधता येतो, घाई नसते. रात्रभर चालून ती सकाळी सातच्या सुमाराला मुंबई गाठते. आणि कोकणातली वंदे भारत मुंबईहून सुटते पहाटे ५ वाजून २५ मिनिटांनी. म्हणजे आमची गाडी पोहोचायच्या आधीच ती निघून गेलेली. मी मुलीला पुन्हा विचारलं, वेळ चुकली असेल म्हणून. वेळ बरोबर होती. मग मला वाटलं, दुसऱ्या दिवशीची घेऊ. तर शुक्रवारी ती नसतेच. आणि मुलीच्या मैत्रिणीनं जुलैमधले जे दिवस सांगितले होते ते वेगळेच होते, कारण पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या सावकाश चालतात आणि ही गाडी आठवड्यातून तीनच दिवस धावते. ऋतूप्रमाणे शेतीची कामं बदलतात हे आमच्या अंगात भिनलेलं आहे. रेल्वेचं वेळापत्रकही पावसाप्रमाणे बदलतं हे मला ठाऊक नव्हतं.

नागपूर-मडगाव अशी एक सरळ गाडीही आहे, आठवड्यातून दोनदा चालणारी विशेष गाडी. भुसावळ, कल्याण, पनवेल करत ती कोकणात उतरते. पण ती नागपूरहून निघते, तिचे दिवस माझ्या दिवसांशी जुळेनात आणि जागा भरलेल्या होत्या. तिकिटं आता ६० दिवस आधी मिळतात, पूर्वी १२० दिवस आधी मिळायची. आम्हाला दोन महिन्यांपुढचं कळतं ते फक्त धानाचं. मुलीला भेटायला जायचं केव्हा हे धान ठरवतो. शेवटी असं ठरलं की विदर्भनं जायचं, ठाण्याला उतरायचं, माझा पुतण्या कळव्याला राहतो त्याच्याकडे दिवस काढायचा, रात्री झोपायचं आणि पहाटे ठाण्याहून चढायचं.

अर्जुनीहून गोंदियाला पॅसेंजरनं गेलो. नव्वदच्या दशकात ही लाइन मोठी झाली; त्याआधी इथे छोटी लाइन होती, आणि माझ्या वडिलांच्या बोलण्यात ती शेवटपर्यंत छोटी लाइनच राहिली. पॅसेंजर बाराभाटीला थांबते, देऊळगावला थांबते, सौंदडला थांबते. बायका भाजीच्या टोपल्या घेऊन चढतात, शाळेची पोरं चढतात. कधी मालगाडीला वाट द्यायला ती आडबाजूच्या स्टेशनात उभी राहते, तेव्हा आम्ही खाली उतरून पाय मोकळे करतो. कोणी विचारत नाही किती वेळ लागेल, कारण ते आधी कोणालाच माहीत नसतं.

विदर्भ एक्सप्रेसचा प्रवास लांबवून सांगण्यासारखा नाही. तिरोडा, तुमसर, भंडारा, संध्याकाळी नागपूर, मग जेवण आणि झोप. एवढंच नोंदवतो की या एका राज्यातल्या प्रवासात मी तीन वेगवेगळ्या रेल्वेंच्या हद्दींतून गेलो. गोंदिया दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत येतं, तिचं मुख्यालय बिलासपूरला, म्हणजे दुसऱ्या राज्यात. नागपूरपासून मध्य रेल्वे. आणि पुढे रोह्यापासून कोकण रेल्वे. माझ्या प्रवासाचे सांधे जुळेनात याचं एक कारण मला तिथे दिसलं. प्रत्येक जण आपापल्या हद्दीतली गाडी नीट चालवतो. अर्जुनीपासून रत्नागिरीपर्यंतचा माणूस अख्खा कोणाच्याच हद्दीत येत नाही.

ठाण्याचा फलाट पहाटे साडेपाचलाही भरलेला होता. लोकलची माणसं, घोषणा, चहा. पुतण्यानं मला डब्याच्या नंबराखाली उभं केलं आणि बजावलं, "काका, मी आत येत नाही. दार मिटलं की मिटलं. मग मी डायरेक्ट पनवेलला उतरेन." आमच्याकडे माणसाला गाडीत बसवून द्यायला चौघे आत चढतात, सामान वर ठेवतात, पाया पडतात, गाडी हलली की उतरतात. इथे तो निरोप फलाटावरच घ्यायचा होता. गाडी आली, दाराखालून एक पायरी बाहेर सरकली, दार उघडलं, मी चढलो, वळून पाहिलं तोवर दार मिटलेलं होतं. काचेपलीकडे पुतण्या हात हलवत होता, त्याचा आवाज येत नव्हता. हा गाडीचा पहिला धक्का. आतल्या माणसाचा बाहेरच्याशी संबंध एका क्षणात संपतो.

आत कुठेही इंजिनाचा आवाज नाही. शेजारी बसलेल्या मुलाला विचारलं, इंजिन मागे आहे की पुढे? तो म्हणाला, "काका, वेगळं इंजिनच नाही. मोटारी डब्यांखाली वाटून दिल्यात. म्हणून पटकन वेग घेते आणि पटकन थांबते." चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यात अशा गाड्या बनवतात आणि २०१९ च्या फेब्रुवारीत पहिली दिल्लीहून वाराणसीला धावली, हेही त्यानंच सांगितलं. तो खेडचा, पुण्याकडे मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. माझी जागा गाडीच्या उलट तोंडाची होती, म्हणजे सगळं मला मागे जाताना दिसणार. त्यानं आपली जागा देऊ केली, पण त्याचीही तशीच होती. आम्ही दोघंही हसलो. मग तो मला प्रत्येक गोष्ट आधी सांगत गेला, आता डावीकडे बघा, आता बोगदा येईल, आणि मागे जाणारं सगळं मला त्याच्यामुळे वेळेवर दिसलं.

तिकिटाच्या पैशांचं माझ्या मनात घोळत होतं, ते मी त्याच्याजवळ बोलून दाखवलं. तेवढ्याच अंतराला पॅसेंजरला किती कमी पडतात आणि इथे किती. तो म्हणाला, हे सगळीकडेच असतं, फक्त आपल्याकडे एकाच आकड्यात मिळून येतं. आपल्या सुपरफास्ट गाड्यांच्या तिकिटात सुपरफास्टचा अधिभार आधीच धरलेला असतो, स्लीपरला ३० रुपये, वातानुकूलित चेअर कारला ४५. सरासरी वेग ताशी ५५ किलोमीटर किंवा जास्त असला की गाडी सुपरफास्ट. मी ज्या विदर्भनं आलो तिच्यातही मी तो भरलेला होता. वंदे भारतचं भाडं त्याहून वरचं.

मग त्यानं जपानचं सांगितलं. कंपनीनं त्याला तिकडे काही काळ पाठवलं होतं. तिथे तोक्क्यू नावाच्या, मोजकेच थांबे घेणाऱ्या जलद गाड्या असतात. त्यांच्यासाठी दोन गोष्टींचे पैसे उघडपणे वेगळे भरावे लागतात. एक अंतराचं भाडं, ते साध्या गाडीला लागतं तेवढंच. दुसरं, जलद जाण्याचं. ज्याला घाई नाही त्यानं पहिलंच भरून साध्या गाडीनं त्याच रुळांवरून जावं. मला हे फार पटलं. वेग किती रुपयांना घेतला हे माणसाला कळलं, तर घ्यायचा की नाही हे त्याला ठरवता येतं.

अशी एक गाडी टोकियोहून इझु नावाच्या द्वीपकल्पाकडे जाते, तिचं नाव ओदोरिको. कावाबाता या लेखकाच्या एका गाजलेल्या कथेतल्या नाचणाऱ्या मुलीवरून ते ठेवलं. या कावाबातांना १९६८ चं नोबेल मिळालं. १९८१ पासून ही गाडी धावते आहे. डोंगर थेट समुद्रात उतरलेला, बोगदे, गरम पाण्याचे झरे, मासेमारीची गावं. कोकणासारखंच, तो म्हणाला, फक्त तिथे गाडीतून डाव्या हाताला समुद्र दिसत राहतो. आणि मग त्यानं जे सांगितलं त्यानं मी सरळ होऊन बसलो. अतामी नावाच्या स्टेशनात यातल्या काही गाड्या दोन होतात. पुढचे डबे समुद्रकाठानं शिमोदाला जातात, मागचे डबे सुटून दुसऱ्या लाइनीवर शुझेंजी नावाच्या गावाला. पुढचा रस्ता दुसऱ्या, खासगी रेल्वे कंपनीचा असला तरी प्रवाशाला उतरावं लागत नाही. तो टोकियोला बसतो आणि आपल्या गावाला उतरतो.

मी त्याला म्हणालो, मग आमच्या विदर्भ एक्सप्रेसचे दोन डबे कल्याणला सुटून कोकणच्या गाडीला का लागू नयेत? त्यानं थोडा विचार केला. म्हणाला, या वंदे भारतला नाही लागणार, तिचा संच बांधलेला आहे. पण साध्या गाड्यांना पूर्वी आपल्याकडेही असे डबे लागायचे, मधल्या जंक्शनवर कापून दुसऱ्या गाडीला जोडायचे. मला ते आठवत नाही, पण गोंदियाच्या जुन्या रेल्वेवाल्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे. सरळ डबा परत येवो न येवो, नागपूर-मडगाव गाडी गोंदियापासून सोडावी आणि रोजची करावी हे माझं मागणं आहे. मी ते संस्थेच्या बैठकीतही मांडलं. कोकण रेल्वेच्या भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के आणि महाराष्ट्राचा २२ टक्के ठरला होता, उरलेला कर्नाटक, गोवा आणि केरळचा. महाराष्ट्राच्या वाट्यात चंद्रपूर, गडचिरोली आणि गोंदियाही येतात.

पनवेल, मग पेण, नागोठणे. उजाडलं होतं. "रोहा गेलं," तो म्हणाला, "आता कोकण रेल्वे." रोह्यापासून कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर. बॅरिस्टर नाथ पै यांनी तिचा ध्यास घेतला, त्यांच्यामागून राजापूरचे खासदार झालेले मधु दंडवते तिच्यामागे लागले. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना महामंडळ झालं, ई. श्रीधरन त्याचे पहिले प्रमुख. १९९० मध्ये महामंडळ आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर गाडी. ९० हून जास्त बोगदे. तो हे सगळं तोंडपाठ असल्यासारखं सांगत होता. त्याच्या आजोबांची जमीन गेली होती लाइनीत. "आजोबा मुंबईला बोटीनं जायचे," तो म्हणाला, "वडील एसटीनं, रात्रभर. मी अडीच तासांत ठाण्याहून खेडला येतो." हे सांगताना त्याचा चेहरा असा काही खुलला होता की मला माझ्या गावातल्या त्या म्हाताऱ्यांची आठवण झाली, जे छोटी लाइन मोठी झाली त्या दिवशी नवे कपडे घालून स्टेशनात गेले होते.

कोलाडला एका बाजूला रुळांवर मालट्रक उभे होते. भरलेले ट्रक, ताडपत्र्यांसकट, रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवलेले, आणि ड्रायव्हर ट्रकच्या सावलीत. मला समजेना की हे काय. गाडीवर गाडी. ही रो-रो सेवा, १९९९ पासूनची. घाटातून डिझेल जाळत जाण्यापेक्षा ट्रक रेल्वेवर चढतो आणि गोव्याकडे उतरतो.

वीरच्या पुढे लाइन एकेरी. रोहा ते वीर दुहेरी झाली २०२१ मध्ये, पुढे बहुतेक एकच रूळ. एका लहान स्टेशनात, पाटी मला वाचता आली नाही, बाजूच्या लाइनीवर एक पॅसेंजर उभी होती. दारात माणसं बसलेली, खिडक्यांतून हात बाहेर, काही जण खाली उतरून उभे. आमची गाडी न थांबता गेली. ती माणसं आमच्याकडे जशी पाहत होती तसं मी अनेक वर्षं पाहिलेलं आहे, सौंदडला, देऊळगावला, आणि आज मी काचेच्या आतल्या बाजूला होतो. जलद गाडीची जी मिनिटं वाचतात ती कोणाच्या तरी थांबण्यातून येतात हे मला तिथे लख्ख दिसलं. मला ते चुकीचं वाटलं नाही. लांबच्या माणसाला लवकर न्यायचं तर एकेरी लाइनीवर दुसरा मार्ग नाही. पण त्या थांबलेल्या गाडीतल्या माणसालाही, किती वेळ थांबायचं आहे, हे कोणीतरी सांगितलं पाहिजे. देऊळगावला आम्हाला कोणी सांगत नाही.

मग बोगदे. करंजाडीपुढचा नातूवाडीचा चार किलोमीटरहून लांब. कान बंद झाल्यासारखे झाले, काचेत माझाच चेहरा, आणि बाहेर येतो तो एकदम प्रकाश, लाल माती, भाताच्या कापलेल्या खाचरांचे तुकडे, पुन्हा अंधार. मला वाटत होतं कोकण म्हणजे नारळ आणि समुद्र. दिसलं ते सगळं डोंगर आणि भात. खाचरं आमच्यासारखीच, बांध्या बांधून केलेली, पण आमची बांधी सपाटीवर दूरवर जाते, इथे ती उतारावर पायऱ्यांसारखी बसवलेली. दगडही लाल, जांभा म्हणतात त्याला, घरांच्या भिंती त्याच्याच. आमच्याहून कितीतरी जास्त पाऊस इथे पडतो, आणि मी खिडकीतून तलाव शोधत होतो. तलाव दिसेना. एवढं पाणी साठवतात कुठे, विचारलं. "साठत नाही काका. सगळं समुद्रात जातं. एप्रिल-मेमध्ये टँकर." मला हे ऐकून खरोखर दुःख झालं. गोंदिया-भंडाऱ्याचे मालगुजारी तलाव शेकडो वर्षांपूर्वी बांधणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात आदर होताच, तो त्या डब्यात आणखी वाढला.

खेडला तो उतरला. दोन मिनिटं दार उघडं, तेवढ्यात त्यानं मला पुढची यादी सांगितली: चिपळूणला वाशिष्ठी बघा, मग उक्षी, त्यानंतर करबुडे. पावसाळ्यात ही गाडी सावकाश का चालते, तेही त्यानं आधी सांगून ठेवलं होतं. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ दरडीनं गाडी घसरली, पन्नासच्या आसपास माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. त्यानंतर डोंगरांना जाळ्या मारल्या, पावसात रुळांवर पायी गस्त ठेवली, वेग कमी केला. म्हणजे वर्षातले काही महिने ही जलद गाडी मुद्दाम कमी जलद होते. मला त्या गस्तीच्या माणसांना पाहायचं होतं, पण ती पावसाळ्यातच असतात.

मत्स्यगंधा हे नाव ऐकून मी चकित झालो होतो. मुंबईहून मंगळूरला जाणारी गाडी, आणि तिला नाव आमच्या मत्स्यगंधेचं, नाव वल्हवणाऱ्या धीवरकन्येचं, जिच्यापासून व्यास झाले. आमच्या घरी ही गोष्ट सांगितली जाते ती आमच्या घरची म्हणून. रेल्वेतल्या कोणाला तरी किनाऱ्यावरून जाणाऱ्या गाडीला ते नाव द्यावंसं वाटलं याचा मला अभिमान वाटतो. माझी मुलगी मामाबरोबर त्याच गाडीनं पहिल्यांदा रत्नागिरीला उतरली होती.

वाशिष्ठीचं पात्र रुंद होतं. पण समुद्र? मी उजवीकडे, डावीकडे, सगळीकडे पाहत होतो. साऱ्या वाटेत समुद्र दिसला नाही. ही गाडी किनाऱ्याच्या प्रदेशात जाते, किनाऱ्यानं जात नाही; लाइन डोंगराच्या अंगानं आत आत काढली आहे. करबुडेचा बोगदा आला, साडेसहा किलोमीटरचा. इतका वेळ अंधारात गाडी धावते की माणसं बोलायची थांबतात. बाहेर पडलो आणि थोड्याच वेळात रत्नागिरी.

मुलगी फलाटावर होती. मी डब्यातून उतरेपर्यंत ती दारापाशी आलेली, पाया पडली, पिशवी घेतली. पिशवीत आईनं दिलेला नवा तांदूळ होता. मी तिला पहिला प्रश्न हाच विचारला, समुद्र कुठे आहे? ती म्हणाली, "स्टेशन गावाबाहेर वर आहे बाबा. खाली जावं लागते."

दुसऱ्या दिवशी तिनं मला मिरकरवाडा बंदरावर नेलं. आमच्याकडे डोंगा असतो, झाडाचं खोड कोरून केलेला, दोन माणसांचा. इथे एकेका बोटीवर दहा-पंधरा माणसं, बर्फाचे ढीग, जाळी अशी की एक जाळं आमची अख्खी बोडी झाकेल. बांगडा, सुरमई, पापलेट मी नावानं ओळखत होतो. मांदेली तिनं दाखवली. लिलाव चालू होता, बोली इतकी भराभर की मला एकही आकडा धरता आला नाही. मी तिला विचारत राहिलो: ठेका कोणाचा? समुद्राला ठेका नसतो बाबा. बीज कोण सोडतं? कोणी नाही. मग मासे संपले तर? त्यावर ती थांबली आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीचं सांगू लागली, मासे अंडी घालतात तेव्हा बोटी किनाऱ्याला लागतात. ते मला लगेच समजलं. आमचा रोहूही पावसाच्या पहिल्या पुरातच चढतो.

मला सगळ्यात बुचकळ्यात टाकलं ते भरती-ओहोटीनं. तलावाचं पाणी दसऱ्याला पाळीपर्यंत असतं आणि मेमध्ये तळाला जातं. एवढा त्याचा हिशेब. मांडवीच्या काळ्या वाळूवर सकाळी जिथे पाणी होतं तिथे दुपारी माणसं चालत होती. मुलीनं चंद्राचं, अंतरांचं सगळं वहीवर काढून दाखवलं. रोजची वेळ पुढे सरकते म्हणाली, त्यासाठी कोष्टक असतं. कोळी ते कोष्टक न बघता जाणतात. आपल्या धंद्यातल्या माणसांना काहीतरी असं ठाऊक आहे जे आपल्याला ठाऊक नाही, ही जाणीव मला सुखाची वाटली. ती चार वर्षांत ते शिकेल आणि आमच्या तलावावर येऊन बोलेल.

परतताना नागपूर-मडगाव गाडीचं तिकीट मुलीनं आधीच काढून ठेवलं होतं, त्यामुळे मधे कुठे उतरावं लागलं नाही. लांब लागली, पण बसलो रत्नागिरीला आणि उतरलो थेट नागपूरला. प्रवास सोपा म्हणजे काय ते मला या गाडीत कळलं, वंदे भारतमध्ये नाही.

आता आमच्या संस्थेतल्या दोन तरुणांना मिरकरवाडा पाहायचा आहे. त्यांना मी सगळं कागदावर लिहून दिलं आहे. पावसाळी वेळापत्रक संपलेलं असताना जा, तारखा रेल्वेच्या चौकशीत विचारा. दिवस नक्की झाले की ६० दिवस आधीच तिकीट काढा, आधी नागपूर-मडगाव गाडीत जागा बघा. ती नसेल तर विदर्भनं ठाण्याला उतरा, मुंबईपर्यंत जाऊ नका, एक रात्र कळव्याला माझ्या पुतण्याकडे राहा, शुक्रवार टाळा. सोडायला आलेल्याला आत चढू देऊ नका. खेड गेलं की सामान वरून काढायला लागा, आणि मोठ्या बोगद्यातून बाहेर आलात की दारापाशी उभे राहा.